दादाचा पुनर्जन्म आणि माझा रेनेसाँस

१९ जून १९४४, सोमवार. सांगली, होस्टेल.

आजपासून रोजनिशी. थोर माणसे रोजनिशी ठेवतात. ही कोणी वाचू नये. मी गेल्यावर कोणी छापली तर माझी हरकत नाही, कारण हरकत घ्यायला मी नसेन.

कारण असे की, आज इंटरच्या वर्गात प्रोफेसर आठल्यांनी रेनेसाँस सुरू केला. मी जन्मात इतका हललो नव्हतो. सन १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले, तिथले पंडित पोथ्या बगलेत मारून इटलीत पळाले, आणि हजार वर्षे झोपलेला युरोप खडबडून उठला. चित्रे, पुतळे, छापखाने, नवी खंडे! आठल्ये म्हणाले, रेनेसाँस या शब्दाचा अर्थच मुळी पुनर्जन्म. मग जरा थांबून म्हणाले, मराठीत पुनरुज्जीवन म्हणा, ते बरे. मला पुनर्जन्मच आवडला. वहीत दोनदा अधोरेखित केला.

सातारा जिल्ह्यात रेनेसाँस अजून झालेला नाही. कोणीतरी करायला हवा.

२० जून, मंगळवार

लिओनार्दोला सगळे येत होते. चित्रकला, गाणे, यंत्रे, शरीरशास्त्र, घोड्यावर बसणे. अशा माणसाला रेनेसाँसचा माणूस म्हणतात. संकल्प: पहाटे चारला उठणे. एक तास चित्रकला, एक तास लॅटिन, मग जोर-बैठका. लॅटिनचे पुस्तक मिळेपर्यंत तो तास झोपेला धरला आहे.

दा विंची म्हणजे विंची गावचा. आपल्या हिशेबाने विंचीकर. आमचे गाव कोणाला ठाऊक नाही, म्हणून दीड कोसावरचे मोठे गाव घेतले. आजपासून मी बाळासो नव्हे. बाळासाहेब कडेगावकर.

खोलीतला आप्पासो पोट धरून हसला. म्हणाला, "गड्या, आदी आंगुळीला तरी उठ." लिओनार्दोलाही लोक हसले असतील.

२७ जून, मंगळवार

चारला उठणे जमले नाही. आप्पासोला उठवायला सांगितले होते. आपण उठवले असे तो म्हणतो. पुरावा नाही.

लिओनार्दो डाव्या हाताने उलटी अक्षरे काढी, ती आरशात वाचावी लागत. मी कालचे पान तसे लिहिले. आज आरशापुढे धरले, तरी वाचता येत नाही. त्यामुळे काल काय ठरले हे कळायला मार्ग नाही.

दादाला पत्र टाकले. दैवाची गंमत बघा. थोरला भाऊ मानसिंग मराठा पलटणीत, आणि पलटण सध्या इटलीत! वडील गेले तेव्हा तो चौथीत होता. त्याने पाटी ठेवली, औत धरले आणि मला शाळेत बसवले. पुढे लढाई लागली, तो भरती झाला. माझे कॉलेज त्याच्याच जिवावर. म्हणजे ज्या भूमीत मी असायला हवा तिथे तो आहे, तोही बंदूक घेऊन. त्याला सोप्या भाषेत कळवले की तू उभा आहेस त्या देशात पुनर्जन्म झाला. डोळे उघडे ठेव. पुतळे दिसले तर उंची मोजून पाठव.

९ जुलै, रविवार

औंधला जाऊन आलो. यमाईच्या डोंगरावर चित्रांचे म्युझियम आहे, तिथे विलायती चित्रे बघायला मिळतील असे आठल्ये म्हणाले होते. रहिमतपूर स्टेशनपासून पुढे धूळ खात गेलो. आत शिरताच वही काढली आणि चित्रांखालच्या पाट्या उतरवायला लागलो. नाव, देश, साल. एकशे चौदा पाट्या झाल्या. दारावरचा म्हातारा सारखा मागे मागे होता. शेवटी म्हणाला, "आवं, जरा वर बी बगा की."

वर बघायला वेळ उरला नाही, गाडी चुकली असती. पण पाटीवर मुख्य ते सगळे असतेच. आज एकूण फार शिकलो.

३ ऑगस्ट, गुरुवार

आप्पासो गेला. ट्रंक इथेच, माणूस नाही. कुंडलकडच्या भूमिगतांत मिळाला म्हणतात. पत्री सरकार! जायच्या आदल्या दिवशी मी त्याला समजावले होते की आधी मनाचा रेनेसाँस, मग स्वराज्य. इटलीतही हाच क्रम होता. तो म्हणाला, "तू मनाचं बग. मी तारा तोडतो. बगू कुनाचं आदी हुतं."

उतावळा माणूस. तारायंत्र ही मानवी बुद्धीची केवढी झेप, ती तोडायची म्हणजे काय! असो. खोली आता पूर्ण माझी. एकांत हा जीनियसला पोषक असतो.

४ सप्टेंबर, सोमवार

दादाचे पत्र आले. निराशा. अर्ध्या ओळी सेन्सॉरने काळ्या केलेल्या. उरलेले इथे उतरवतो, म्हणजे पुढे माझ्या चरित्रकाराला माझी परिस्थिती कळेल:

"बाळासोस मानसिंगचा आशीर्वाद. गावाचं नाव लिवायला बंदी हाय. आमी एका जुन्या गढीत उतरलोय. भितीला टेकून तसबिरी ठेवल्यात, दाराएवढ्या, काही त्येच्याहून थोर. शेरातनं लढाईच्या भ्यानं हलवून आनल्यात म्हनं. आमी आदी त्येच्याम्होरंच भाकरी खाल्ली. मग एक गोरा सायेब आला, तसबिरी बगून येड्यागत वरडाय लागला, डोळ्याला पानी. तवापासनं आमचा पहारा हाय. दुपारी माजी पाळी. एका तसबिरीत झाडीत बाया उभ्या हायती, पातळं आसून नसल्यागत, पायाखाली नुसती फुलं. त्यातली एक लय येळ माज्याकडं बगती. अंजनाला म्हायेरास्नं आनली तवा तिचं त्वांड तसंच हुतं, हसावं का न्हाई ठरत नव्हतं. हितं आल्यापासनं पयल्यांदा वाटलं, मानूस काय नुसता मारायला जल्मत न्हाई. आयला वाचून दाव. पुतळे मोजाया सांगितलंस, पर बॉम्ब पडू नये म्हून ते इटात बांदून काडल्यात."

गाढवाला गुळाची चव काय! इटलीत जाऊन हा कुणा जमीनदाराच्या तसबिरी राखत बसला आहे, आणि त्यांत ह्याला बायको दिसते. फ्लॉरेन्सचा उल्लेखसुद्धा नाही. मी असतो तर पहिल्या दिवशी फ्लॉरेन्स गाठले असते.

६ सप्टेंबर, बुधवार

पत्र आठल्यांना दाखवले. अडाणी माणूस कलेकडे कसा पाहतो याचा मासला म्हणून. त्यांनी उभ्या उभ्या दोनदा वाचले. चष्मा पुसला. म्हणाले, "तुमच्या बंधूंनी काय पाहिले आहे, कल्पना आहे तुम्हांला?" मी म्हणालो, तसबिरी. त्यांनी पत्राची घडी घालून ते स्वतःच्या खिशात ठेवले.

तासाला त्यांनी ते पत्र सगळ्या वर्गाला वाचून दाखवले. बोलीसकट. "मानूस काय नुसता मारायला जल्मत न्हाई" हे वाक्य फळ्यावर लिहिले आणि म्हणाले, रेनेसाँसवर मी महिनाभर जे बोललो ते हे.

परदेशाचे तिकीट बघितले की प्रोफेसर मंडळी भारावतात. कॉलेजच्या निबंधस्पर्धेचा माझा निबंध वर्गात अजून वाचलेला नाही. तो लिहायचा आहे हे खरे. पण बक्षीस त्यालाच मिळणार आणि मी प्रोफेसर होणार, यात मला शंका नाही.

आईला पत्र वाचून दाखवायचे राहिले. सुटीत बघू.

१९ ऑक्टोबर, गुरुवार. गावी, दिवाळीची सुटी.

मॅडोना रंगवली. मॅडोना म्हणजे तान्ह्या मुलाला घेतलेली माता. अंजनावहिनीला ओसरीवर बसवले, शेजारच्या बनाबाईचे लेकरू मांडीवर दिले. वहिनीला मूल नाही. लग्नानंतर चार महिन्यांत दादा पलटणीत परत गेला. लेकरू घेऊन ती इतकी गप्प बसली की मला हायसे वाटले, मॉडेल हलले तर काम बिघडते. मग हळूच म्हणाली, "भावजी, ही तसबीर त्यास्नी धाडशीला?" मी सांगितले की कला ही टपालाने पाठवायची वस्तू नाही.

आई पाठीमागून आली, बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "म्हस बरी काडलीस. पर शेपूट कुटं हाय?"

अशा वातावरणात काम करायचे.

२८ ऑक्टोबर, शनिवार

मोठी बातमी! दादामध्ये बदल झाला. माझ्या पत्राचा परिणाम. तो लिहितो:

"बाळासो, तू लिवलं हुतंस इटलीत पुनर्जन्म झाला म्हून. आता माजाबी हितंच झाला. सरकारी तार घरी पोचली आसंल. आयला म्हनावं भिऊ नगं, मी हाय. आता पळनं न्हाई, चढनं न्हाई, बसून ऱ्हायाचं. औत मातुर तुलाच बगावं लागंल, पर कॉलेज सोडू नगंस. अंजनाला तूच सांग. तू शिकलेला हायस, तुला बरोबर शबुद गावतील. माज्यानं तिला लिववत न्हाई."

पुनर्जन्म! त्या अडाणी माणसाला शेवटी रेनेसाँस कळला. तसबिरी राखता राखता का होईना, कळला. तार कसली असावी? आमच्याकडे तारा रोज तुटतात, त्यामुळे आलेली नाही. पण पळणे नाही, चढणे नाही, बसून काम. उघड आहे, बढती. नाईक झाला आणि ऑफिसात बसवला. मी आधीच म्हणत होतो, चार ओळी शुद्ध लिहिल्या की माणूस वर जातो.

आई आणि वहिनी यांना वाचून दाखवले. "पुनर्जन्म" शब्दाने त्यांचा उगाच गैरसमज झाला असता, म्हणून तिथे मी "रेनेसाँस" असे वाचले. अडचणीची वाक्ये गाळली. आई म्हणाली, "रेनसास म्हंजे नाईकाच्या वरला हुद्दा का खालला?" मी म्हणालो, सगळ्यांच्या वरचा. तिला तेवढेच कळणार.

२९ ऑक्टोबर, रविवार

आईने गावभर गूळ वाटला. ज्याच्या त्याच्या तोंडी, राहीबाईचा मानसिंग रेनसास झाला. लालासाहेब पाटील वाड्यावरून उतरून स्वतः येऊन गेले. म्हणाले, "आमच्या गावात सुभेदार झाला, जमादार झाला. रेनसास पयलाच."

दादाने सांगितल्याप्रमाणे वहिनीला समजावायला बसलो. कॉन्स्टँटिनोपलपासून सुरुवात केली. ती ज्वारी निवडत होती. तुर्क आले, पंडित पळाले, इथवर तिने ऐकले. मग म्हणाली, "भावजी, ह्यात त्यांचं काय?" मी म्हणालो, धीर धर, येतो तिकडे. छापखान्यापर्यंत आल्यावर तिने परत विचारले, "ते खुशाल हायती न्हवं?" मी म्हणालो, खुशाल? अगं, त्याच्या आयुष्यातली सगळ्यात थोर गोष्ट घडली आहे. तेव्हा कुठे ती हसली. हसताना खरेच जरा मॅडोनासारखी दिसली. रंग संपले होते.

२ नोव्हेंबर, गुरुवार

दादाला उत्तर: "तुझी बातमी वाचून घरात आनंदीआनंद झाला. आईने गावात गूळ वाटला. वहिनीला सर्व नीट समजावले. तिला आधी कळेना, पण आता फार खूश आहे. तुझी प्रगती अशीच होत राहो." शेवटचे वाक्य चांगले साधले आहे.

२१ डिसेंबर, गुरुवार. सांगली.

निबंधाला बक्षीस नाही. एकशे बारा पाने. बक्षीस मिरजेच्या एका पोरीला, सात पाने! आठल्यांनी शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिले आहे: "इतरांनी काय पाहिले ते सर्व आले. तुम्ही काय पाहिलेत?" मत्सर. दुसरे काय.

दादाचेही उत्तर आले. "गूळ वाटला वाचून रडू आलं. आयचं काळीज येवडं थोर आसंल आसं वाटलं नव्हतं. अंजना खूश हाय हे चारदा वाचलं. मला वाटलं हुतं ती म्हायेरी निघून जाईल. आता मला कशाचं भ्या न्हाई. तुजं उपकार हायती बाळासो."

बढती झाल्यावर बायको माहेरी कशाला जाईल? दादाचा विनोद मला कधीच कळला नाही. उपकाराचे मात्र बरोबर आहे.

१२ फेब्रुवारी १९४५, सोमवार

दादा पुण्याला आला! कार्ड: "तीन मार्चला कराड स्टेशनात उतरतो. गाडी घिऊन ये. मला चालवनार न्हाई."

चालवणार नाही! पूर्वी हाच माणूस कराडहून गावापर्यंत डोक्यावर ट्रंक घेऊन चालत आला होता. हुद्दा डोक्यात जायला वेळ लागत नाही. तरी गावी कळवले. वहिनीने भिंती सारवल्या, लालासाहेब हार आणणार आहेत, हलगी सांगितली आहे. मी प्रश्न काढून ठेवले, एकूण चाळीस. कॉलेजात व्याख्यान देणार: फ्लॉरेन्स, एका प्रत्यक्षदर्शीच्या मुखातून. मुख दादाचे, भाषा माझी. आठल्यांना पुढच्या रांगेत बसवीन.

३ मार्च, शनिवार. कराड स्टेशन.

गावाहून आलेले नाथाजीकाका बैलगाडी घेऊन बाहेर. मी फलाटावर, हातात प्रश्नांची वही.

गाडी आली. शिपाई उतरले. दादा दिसेना. मग एका डब्याच्या दारातून आधी दोन काठ्या आल्या. कुबड्या. मग दोघा शिपायांनी एका माणसाला उचलून खाली ठेवले. विजारीची उजवी बाजू गुडघ्याच्या वर दुमडून पिनेने टाचलेली.

तो दादा होता.

मी तिथेच उभा. तो हसत हसत एकेक काठी टाकत माझ्याकडे आला. वाळला आहे. म्हणाला, "अरं, बगत काय ऱ्हायलास? तुला तर समदं ठावं हाय." मग पहिला प्रश्न त्याने विचारला. "आय लय रडली आसंल न्हवं आदी? आन अंजना? तू सांगितलंस तवा खरंच काय म्हनाली? खरं सांग."

मी म्हणालो, दादा, तू तर पुनर्जन्म झाला असे लिहिले होतेस.

"व्हय की," तो म्हणाला. "सुरुंगावर पाय पडला. मरत मरत वाचलो. मग काय लिवू?"

आमच्या गावात कोणी विहिरीत पडून वाचला, पटकीतून उठला, तर पुनर्जन्म झाला म्हणतात. लहान पोरालाही कळते. आईला कळले असते. बनाबाईला कळले असते. मी तो शब्द वाचताना बदलला होता.

दादाने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि त्याला कळले. तो बाकावर बसला. कुबड्या बाजूला टेकवल्या. मग म्हणाला, "म्हंजे घरी कुनालाच ठावं न्हाई?" मग परत, स्वतःशीच: "आन मी तिकडं तीन म्हैने सुखात पडलो हुतो."

नाथाजीकाका आत आले, दादाला बघून जागीच खाली बसले आणि पोरासारखे रडायला लागले. मला रडू आले नाही. मी प्रश्नांची वही खिशात घालत होतो, ती जाईना.

४ मार्च, रविवार. गावी.

कालचे लिहिलेच पाहिजे.

गाडी वेशीत शिरताच हलगी सुरू झाली. लालासाहेब हार घेऊन पुढे. "रेनसास आले! रेनसास आले!" आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. वहिनी तिच्या मागे, नव्या लुगड्यात. दादा गाडीत बसलेला, पायांवर घोंगडे, म्हणून कोणाला काही दिसत नव्हते. त्याने मला हळूच म्हटले, "जा. आदी तिला सांग. येवडं तरी कर."

मी उतरलो. वहिनीपर्यंत गेलो. शब्द आला नाही. एकही आला नाही, मराठी नाही आणि इंग्रजीही नाही. तेवढ्यात कोणीतरी हौसेने घोंगडे ओढले.

हलगी एकदम बंद पडली नाही. वाजवणाऱ्याला दिसायला वेळ लागला. तो तेवढा वेळ वाजवत राहिला.

आईच्या हातातला तांब्या पडला. वहिनी मात्र सरळ गाडीपाशी गेली, दादाच्या बगलेत खांदा दिला आणि त्याला खाली घेतले. पायाकडे तिने एकदाच पाहिले. आत जाताना माझ्यापाशी थांबली. "तुमी मला त्या तुर्कांचं समदं सांगितलंसा भावजी," ती म्हणाली. "ह्यांचा पाय तेवडा सांगितला न्हाई." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरे वाटले असते.

९ मार्च, शुक्रवार

शांतपणे विचार केला. दोष एकट्या माझा नाही. आप्पासोच्या लोकांनी तारा तोडल्या नसत्या तर तार वेळेवर आली असती. दादाने "पाय गेला" असे साधे दोन शब्द लिहायला हवे होते. आठल्यांनी पुनर्जन्म हा अर्थ वर्गात सांगायलाच नको होता. पुनरुज्जीवन म्हटले असते तर हा घोटाळा झाला नसता. शिवाय रेनसास हा हुद्दा आहे असे मी कधीही म्हटलेले नाही. सगळ्यांच्या वरचा, एवढेच म्हटले.

वरचे परत वाचले. लाज वाटली. खोडत नाही, राहू दे. "अंजनाला तूच सांग" हे वाक्य मी चांगले पाच-सहा वेळा वाचले होते.

१० मार्च, शनिवार

दादा ओसरीवर बसून तसबिरींचे सांगत होता. आई, वहिनी, बनाबाई, नाथाजीकाका, सगळे कोंडाळे करून. त्या झाडीतल्या बाया, फुले, कोणत्या बाईचा हात कसा, कोणाचा पदर कोणत्या बाजूला उडालेला. हवेत बोट फिरवून दाखवत होता. बनाबाई म्हणाली, "आगं बया, डोळ्याम्होरं दिसतंय." मलाही दिसले. भिंतीच्या आड उभा राहून ऐकले. औंधला त्या म्हाताऱ्याने वर बघायला सांगितले होते. मी तेव्हाही लिहीतच होतो.

चाळिसांपैकी एकही प्रश्न विचारला नाही.

१७ एप्रिल, मंगळवार. सांगली.

इतिहासाचा पेपर. "रेनेसाँस म्हणजे माणसाचा माणसाला लागलेला शोध. चर्चा करा." साल आठवले, तुर्क आठवले, सगळे आठवत होते. अर्धे पान लिहिले आणि हात थांबला. बाकीचा वेळ पंख्याकडे बघत बसलो. पर्यवेक्षक दोनदा येऊन विचारून गेले, तब्येत बरी आहे ना.

बाहेर आठल्ये भेटले. बंधू कसे आहेत, म्हणाले. मी बरे आहेत म्हणालो. पायाचे सांगितले नाही. मला अजून ते वाक्य म्हणता येत नाही.

११ जून, सोमवार. गावी.

निकाल लागला. नापास. इतिहासात. दादाला सांगितले, या वेळी साध्या शब्दांत. तो म्हणाला, "परत बस." मी म्हणालो, बघू. सध्या औत माझ्याकडे आहे. दादा बांधावर बसून सांगतो, बैल कुठे वळवायचे, नांगराचा तास कुठे वाकडा गेला. माझे तास सगळेच वाकडे जातात. तो रागावत नाही. पूर्वी रागावायचा.

आणखी एक. दादा दुपारी वहिनीला अक्षरे शिकवतो. पत्र्यावर खडूने. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण त्याचा क सुरेख आहे. मी एकदा म्हणालो, मी शिकवतो, लवकर होईल. दादा पत्रा पुसत राहिला. वहिनी म्हणाली, "नगं भावजी. तुमचं लय वरचं हाय."

२४ जून, रविवार

पलटणीतल्या जोतिबा हवालदाराचे पत्र आले. पोस्टमनने सवयीने माझ्या हातात दिले. फोडणार तोच वहिनी आली आणि हात पुढे केला. दिले.

ती उंबऱ्यावर बसून एकेक अक्षर लावत वाचू लागली. आई शेजारी, दादा खाटेवर डोळे मिटून. एका ओळीला तिला चांगली पाच मिनिटे लागली. मला ते ऐकवेना. मग एका जोडाक्षरावर अडली, तीनदा मागे गेली, परत अडली. मी पुढे झालो. म्हणालो, दे इकडे, मी वाचून दाखवतो.

तिने कागद उराशी धरला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "मी हळूहळू वाचीन. पर हाय त्येच वाचीन."

मी बैलांना पाणी दाखवायला गेलो.